टिटवीचं पान

सटवाची नजर म्हणजे नजर होती. पाटोद्याच्या वरच्या अंगाला जो माळ आहे तिथं तुम्हीआम्ही उभे राहिलो तर काय दिसेल? मुरूम आणि कुसळ. फार तर एखादी बाभळ. सटवा मात्र चालता चालता मध्येच थांबायचा, काठी आडवी धरायचा आणि दीडशे मेंढरं बाजूला वळवायचा. का वळवली ते सांगायचा नाही. मागून येणाऱ्यानं वाकून वाकून बघितलं तर पायाशी टिटवीची चार अंडी, खड्यांत खडा मिसळावा तशी. मग सटवा मुठीएवढे तीन दगड उचलायचा, अंड्यांपासून हातभर लांब असे तीन अंगांना ठेवायचा आणि पुढं चालू लागायचा. दुसऱ्या दिवशी त्या वाटेनं आलं की दगड बघायचे आणि मेंढरं बाजूनं घालायची. बाहेरच्या माणसाला ते तीन दगड म्हणजे तीन दगडच. एवढा दगडांचा मुलूख, त्यात तीन दगडांची चौकशी कोण करतंय?

हे त्याला त्याच्या बापानं शिकवलेलं. दगड ठेवायला शिकवले आणि वर दोन गोष्टी बजावल्या. लपलेल्याला बोट दाखवायचं न्हाई, आणि लपलेलं कुठं हाय ते तोंडानं बोलायचं न्हाई. कावळ्याला कान असतात आणि गावातल्या टारगट पोरांनाही असतात. सटवानं आयुष्यात बाकी फारसं काही पाळलं नाही. तंबाखू सोडतो म्हणून बिरोबाला दरवर्षी शब्द द्यायचा आणि आठवड्यात मोडायचा. पण हे मात्र पाळलं.

आणि तेच त्यानं पोरीला शिकवलं. शिवकन्या त्याची एकुलती एक, नवसाची. पायात बळ आलं तशी बापाच्या मागं माळावर हिंडलेली. शाळेत नाव घातलं तरी सुट्टीच्या दिवशी ती मेंढरांतच. आता तिसरीत होती, आणि यंदा तिच्या शाळेचा प्रश्न अटीतटीला आला होता.

त्याचं असं झालं. दिवाळी सरली की सटवाचा कळप खाली उतरायचा, माजलगावच्या अंगाला. धरणाच्या पाण्यावर तिकडं ऊस, हिरवळ, मेंढरांना पोटभर चारा. मग मिरगाला परत. आजवर सटवा आणि त्याचा धाकटा भाऊ कळप घेऊन जायचे आणि साखराबाई पोरीला घेऊन वाडीवर राहायची. यंदा भावानं काठी टाकली आणि तो पुण्याकडं कंपनीत लागला. दीडशे मेंढरं एकट्या माणसाच्यानं निभत नाहीत. म्हणजे साखराबाईला जाणं आलं. मग पोरीचं काय?

"पोरगी छबूआक्काजवळ ऱ्हाईल," साखराबाईनं सांगून टाकलं. छबुबाई म्हणजे सटवाची थोरली बहीण, वाडीतच दिलेली, विधवा, जिभेनं तिखट आणि मनानं गूळ. "शाळा सोडायची न्हाई."

"काय करायची शाळा?" सटवा म्हणाला. "तिसरं वरीस हाय, तितं त्वांड उघडत न्हाई. मॅडमच म्हणल्या की, मी गेलतो तवा. मुकी हाय का म्हून इचारत होत्या."

"घरी तर पोपटावानी बोलती."

"मंग शाळेत काऊन बोलत न्हाई?"

यावर साखराबाई भाकरीकडं वळली. तिला कारण ठाऊक नव्हतं असं नाही. पोरं शिवकन्याच्या शेजारी बसायची नाहीत, मेंढराचा वास येतो म्हणायची, नाक धरायची. म्हणून ती दाराजवळ, भिंतीला पाठ लावून, एकटीच बसायची. पण हे नवऱ्याला सांगावं तर तो काठी घेऊन शाळेतच जायचा. डोक्यानं गरम माणूस.

चार दिवस नवराबायकोत हेच दळण चाललं. शेवटी सटवा वैतागला. "बरं, ऐक. त्या मॅडमच्या तोंडून एक शब्द चांगला येऊ दे. पोरीला काय येतंय, एवढंच. आला तर ऱ्हाऊ दे तिला आक्काजवळ. न्हाई आला तर भाऊबीजेला दप्तर खुंटीला, अन् पोरगी मेंढरांमागं."

"बिरोबाची आण?"

"बिरोबाची आण."

साखराबाईनं त्या दिवसापासून रोज देवाला हात जोडले. आणि देवाचं पण बघा, कसं असतं ते. मॅडमचा शब्द आला, पण भलताच आला.

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस राहिले असतील. सटवा विहिरीच्या थारोळ्यावर मेंढरं पाजत होता, तर छबुबाई पदर खोचून लगालगा येताना दिसली. लांबूनच ओरडली, "सटवा, आरं तुला शाळेत बोलावलंय! तुझ्या पोरीनं सरकारी पुस्तक नासवलं!"

"काय केलं?"

"पानापानाला पेननं टिपके मारून ठिवलेत. उद्या पाटोद्याहून सायेब यायचेत तपासायला, अन् हिनं आज हा परताप केला. मॅडम रडकुंडीला आल्यात."

सटवानं मेंढरं बहिणीच्या हवाली केली, पायात वहाणा सारल्या आणि निघाला. वाटेनं त्याचं डोकं तापतच गेलं. मुकी म्हणाले, ऐकून घेतलं. आता नासकी म्हणणार. आपण अडाणी आहोत, मेंढरं राखतो, पण कुणाच्या वस्तूला धक्का लावल्याचा बोल आपल्या घराण्याला कधी लागला नव्हता. कुणाच्या रानात एक मेंढरू तोंड घालून आलं तर सटवा आपण होऊन सांगायला जायचा. आणि ह्या एवढ्याशा कार्टीनं सरकारी पुस्तकाला हात लावावा!

शाळा दोन खोल्यांची. राधाकिशन गुरुजी मुख्याध्यापक, सेवानिवृत्तीला वर्ष राहिलेलं, सदा कागदांत बुडालेले. दुसऱ्या संगीता मॅडम, मूळच्या केजच्या, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. तिसरी-चौथी एका खोलीत घेऊन बसायच्या. बाई वाईट नव्हती, अजिबात नव्हती. पण सकाळी पाटोद्याहून एसटीनं यायचं, फाट्यापासून चालायचं, दोन वर्ग एकदम ओढायचे, वर माहिती भरायची. कुणाचा जीव मेटाकुटीला येणार नाही?

टेबलावर पुस्तक होतं. मोठं, चकचकीत, नवं कोरं. गोष्टींच्या पुस्तकांची पेटी आली होती त्यातलं हे पोरांचं सगळ्यात लाडकं. त्याला ती लपाछपीचं पुस्तक म्हणायची. एकेका पानावर एकेक जागा काढलेली. कुठं वाळलेलं गवत, कुठं झाडाची साल, कुठं खडकाळ रान. खाली लिहिलेलं, 'इथं कोण लपलंय? शोधा पाहू!' जनावरं अशी बेमालूम रंगवलेली की मॅडमलासुद्धा पहिल्या दिवशी शेवटच्या पानावरची उत्तरं बघावी लागली होती.

शिवकन्या कपाटाला टेकून उभी होती. वेण्यांच्या लाल रिबिनी, खाली गेलेली मान.

"या," गुरुजी म्हणाले. "हे बघा तुमच्या लेकीचं काम."

मॅडमनं पान उघडलं. गवताच्या चित्रावर निळ्या पेनाचे तीन ठळक टिपके. दुसरं पान उघडलं, त्यावर तीन. तिसऱ्यावर तीन. "दोन दिवस पुस्तक घरी दिलं होतं मी हिला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा कमी आणि दुखावल्याचा जास्त होता. "वाटलं, वर्गात बोलत नाही, घरी तरी वाचेल. मी काय वाईट केलं हिचं? का केलंस म्हणून सकाळपासून विचारतेय, एक शब्द नाही."

सटवानं पुढचं काही ऐकलं नाही. दोन ढांगांत पोरीपाशी गेला आणि तिच्या पाठीत असा धपाटा घातला की कपाटाचं दार वाजलं.

"अहो, अहो! मारू नका!" मॅडम उठल्याच. शिवकन्या रडली नाही. ओठ दाबून बापाकडं एकदा बघितलं आणि परत मान खाली घातली.

"माफ करा मॅडम," सटवा म्हणाला. "आमी अडाणी लोकं. आजपासून तिचं नाव काढा. येत न्हाई ती उद्यापासून." आणि एवढं बोलून, आता आपल्या पोरीनं नेमकं किती नासवलंय ते तरी बघावं म्हणून तो टेबलावर वाकला.

वाकला तो वाकूनच राहिला.

गवताचं पान होतं. वाळलेलं, तांबूस, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. त्याच्या मधोमध ससा बसला होता, कान पाठीवर टाकून, अंग चोरून. सटवाला तो दिसायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागला नाही. आणि सशाच्या तीन अंगांना तीन टिपके. एक डावीकडं, एक उजवीकडं, एक पुढं. सशाच्या अंगाला एकही लागलेला नाही. हातभर लांब.

त्यानं पान उलटलं. झाडाच्या सालीवर सालीच्याच रंगाचा सरडा, भोवती तीन टिपके. पुढच्या पानावर पाचोळा, पाचोळ्यात रातवा पाखरू डोळे मिटून बसलेलं, भोवती तीन. त्याच्या पुढं खडकाच्या कपारीत घोरपड. तीन.

"गुरुजी," सटवा हळूच म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे टिपके न्हाईत. दगड हायेत."

"काय आहेत?"

मग सटवानं सांगितलं. उभ्या जन्मात बाहेरच्या माणसाला जे सांगितलं नव्हतं ते त्या खोलीत पहिल्यांदा सांगितलं. अंडी, दगड, वळवलेली मेंढरं, बापानं बजावलेलं, सगळं. "आमच्यात लपलेल्याला बोट दावत न्हाईत मॅडम. नाव बी घेत न्हाईत. त्याचा जीव त्याच्या लपण्यात असतोय. मीच सांगितलंय तिला. कुणी कितीबी इचारलं तरी बोलायचं न्हाई."

मॅडम खुर्चीत बसल्या. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. मग पुस्तक जवळ ओढून, "मी वर्गात हे पुस्तक वर धरून विचारायचे, सांगा बघू कोण लपलंय, बोट ठेवा! सगळी पोरं ओरडत पुढं धावायची. ही मान खाली घालायची. मी समजले, हिला दिसत नाही. मी वहीत तसं लिहिलंसुद्धा."

"पोरं कशी बोटं खुपसत असतील," सटवा म्हणाला. "म्हून ठिवले असतील तिनं दगड. कुणाचा पाय पडू न्हाई म्हून."

मॅडमनं शेवटचं पान काढलं, उत्तरांचं. एकीकडं उत्तर, एकीकडं टिपके, असं एकेक पान पडताळायला लागल्या. चष्मा वर, चष्मा खाली. काडीकिडा बरोबर. हिरवा नाकतोडा बरोबर. वाळक्या पानासारखं फुलपाखरू, तेही बरोबर. गुरुजीही कागद सारून उठून आले.

एका पानावर सटवा अडला. अख्खं पान पांढरं होतं आणि त्यावर तीन टिपके. "ह्यात काय? हे तर कोरं हाय. हितं मातर उगंच मारलेत."

"बर्फ आहे तो," मॅडम म्हणाल्या. "थंड मुलखातला. त्यात एक कोल्हा आहे, पांढरा."

"कोल्हा पांढरा असतोय?"

"तिकडं असतो."

सटवानं नाक कागदाला टेकेपर्यंत बघितलं. बेटा दिसेना. ज्याला माळावरचं फुरसं वीस पावलांवरून दिसायचं त्याला कागदावरचा कोल्हा दिसेना. मॅडमनं बोट ठेवायला हात पुढं केला, मग थबकल्या आणि हात मागं घेतला. सटवानं टिपक्यांच्या मधोमध परत नीट बघितलं. तेव्हा कुठं त्याला दोन मिटलेले डोळे आणि नाकाचा काळा ठिपका गवसला. जन्मात बर्फ न बघितलेल्या पोरीनं हा शोधला होता. बापापेक्षा सवाई नजर! सटवाची छाती भरून आली आणि त्याच वेळी ज्या हातानं धपाटा घातला तो हात त्याला नकोसा झाला.

"अकरा झाली," गुरुजी म्हणाले. "आता हे बारावं." पान उलटलं आणि ते हसले. "घ्या! इथं फसली. मेंढपाळाची पोरगी आणि टिटवीच सापडली नाही!"

खरंच, त्या पानावर टिपके नव्हते. मुरमाड रान, मुरमात चार अंडी, आणि जरा मागं, वाळक्या काट्यांच्या रंगात रंग मिसळून उभी टिटवी. सटवा चमकला. हे तर आंधळ्यालाही दिसावं. पोरगी नेमकी इथं कशी चुकली?

"दिसली मला," कपाटाकडून आवाज आला.

तिघांनी वळून बघितलं. मॅडमनं हा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. बारीक होता, पण स्वच्छ होता.

"मग टिपके का नाही काढलेस बाळा?" मॅडमनं विचारलं. श्वास धरून विचारलं म्हणा.

"तितं तिची माय उभी हाय की," शिवकन्या म्हणाली. एवढं साधं कसं कळत नाही, असं तोंड करून बापाकडं बघितलं. "माय जवळ असली की दगड लागत न्हाईत. आबानंच सांगितलंय."

 शेजारच्या खोलीत एकत्र बसवलेली पोरं पाढे म्हणत होती. मॅडमनं पदर डोळ्याला लावला. मग त्या शिवकन्यापाशी गेल्या, तिच्यासमोर फरशीवर चक्क उकिडव्या बसल्या आणि सटवाकडं मान वळवून म्हणाल्या, "तुमच्या पोरीला सगळं येतंय. मलाच येत नव्हतं. बारा पानं, बारा उत्तरं. उद्या साहेब आले की पहिलं हेच पुस्तक दाखवणार मी, असंच्या असं. हिचं नाव काढायचं नाही."

झालं. शब्द आला. बिरोबाची आण सुटली, पोरगी शाळेत राहिली. साखराबाई असती तर तिथंच नाचली असती. पण सटवा मात्र टिटवीच्या पानाकडंच बघत राहिला. कारण आत्ता कुठं त्याच्या ध्यानात आलं की यंदा माय जवळ असणार नाही. बापही असणार नाही. दिवाळी ते मिरीग. सात महिने.

घरी येताना तो पोरीचा हात धरून चालला. माळ लागला तसं विचारलं, "लागलं का गं?"

"न्हाई."

"खोटं बोलतीस."

"थोडं लागलं."

सटवा वाटेत थांबला, खाली बसला आणि तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. "चुकलो बाई," म्हणाला. असा शब्द त्यानं बायकोलाही कधी म्हणून दाखवला नव्हता.

दिवाळी झाली. शाळा पुन्हा भरली त्याच दिवशी कळप निघाला. आदल्या दिवसापासून साखराबाईचं चालू होतं. आक्का, तिला ताक देऊ नका, खोकला होतोय. आक्का, वेणी घट्ट घालू नका, रडती. छबुबाई शेवटी करवादली, "माय माय! आगं मी दोन लेकरं वाढवलीत, का दगडं वाढवलीत?" आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. शिवकन्या रडली नाही. दप्तर पाठीला लावून मायला म्हणाली, "जा तुमी. मला शाळा हाय." आणि निघून गेली. हे साखराबाईला जास्त लागलं.

घोड्यावर बिऱ्हाड चढलं, मेंढरं वाटेला लागली. फाटा आला. तिथं सटवानं काठी बायकोच्या हातात दिली. "तू हाक पुढं. मी आलो."

"आता कुठं चाल्लात?"

"आलो म्हणलं ना!"

माळाच्या कडेला गारगोट्यांचा पट्टा आहे. तिथनं त्यानं मुठीएवढे तीन दगड निवडले, पांढरे, नजरेत भरणारे. आणि माणूस धोतराचा सोगा वर धरून शाळेकडं पळत सुटला.

वर्ग नुकताच भरत होता, मॅडम यायच्या होत्या. पोरं दंगा करत होती. शिवकन्या तिच्या जागेवर, दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसली होती. बापाला बघून उठायला लागली, तर त्यानं हातानंच बस म्हणून खुणावलं. मग खाली वाकला. एक दगड तिच्या डावीकडं ठेवला, एक उजवीकडं, एक पुढं. हातभर लांब. बोलला काही नाही. बोलायचं नसतंच. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडला.

"ए, हे काय बे?" एक पोरगं ओरडलं. "शाळेत चूल मांडली का?" पोरं खिदळली.

सटवा कुंपणापाशी पोचला होता. तेवढ्यात संगीता मॅडम घाईघाईनं येताना दिसल्या, खांद्याला पिशवी, पायांवर फाट्याची धूळ. त्या दारातून आत शिरल्या आणि थबकल्या. दगड बघितले. दगडांच्या मध्ये बसलेली पोरगी बघितली. मग मागं वळून बाहेर बघितलं, तेव्हा त्यांना कुंपणाआडचं पागोटं दिसलं असावं, पण त्यांनी बोट दाखवलं नाही की हाक मारली नाही. पदर सावरला, दगडांना मोठा वळसा घातला आणि टेबलाकडं गेल्या. मागून उशिरा आलेली चारपाच पोरं धडधडत आत घुसत होती.

"बाजूनं," मॅडम म्हणाल्या. "तिथून सगळ्यांनी बाजूनं यायचं."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. पोरं एकामागं एक वळसा घालून आत गेली, अगदी मेंढरांसारखी.

सटवाचे डोळे असे भरले की समोरची शाळा दिसेना. एवढी नजरेची ख्याती असलेला माणूस, पण त्याला धोतराच्या सोग्यानं दोनदा डोळे पुसावे लागले, तेव्हा कुठं उघड्या दारातून लेक दिसली. आता तीही रडत होती. रडता रडता तिनं हात पुढं केला आणि घाईत ठेवलेला एक दगड कलंडला होता, तो नीट बसवला.

मग सटवा वळला आणि झपाझपा चालू लागला. मेंढरं लई पुढं गेली होती.